येण्याजाण्याचं घर

चुलतभावाच्या नव्या फ्लॅटमधला तो पहिलाच गणपती होता, दीड दिवसाचा. आत्याला आग्रहानं बोलावलं होतं. तिला लहानपणी पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत ती कॅलिपर आणि कुबड्यांवर हिंडली, आता व्हीलचेअर वापरते. गाडी पार्किंगमध्ये थांबली, खुर्ची उतरवली, आत्या खुर्चीत बसली, आणि लिफ्टच्या अलीकडे तीन पायऱ्या निघाल्या. कडेला सिमेंटचा उतार होता, पण तो सिलिंडर आणि फ्रिज चढवण्यासाठी केलेला. त्यावरून खुर्ची ढकलायची तर ती मागे उलटण्याचीच भीती जास्त. सोसायटीतली दोन मुलं खुर्ची उचलायला धावली. आत्यानं हात जोडून नको म्हटलं. उचलून नेताना ती एकदा पडली आहे, आणि अडुसष्टाव्या वर्षी तिला पुन्हा पडायचं नाही. शेवटी पाचव्या मजल्यावरची आरती तिनं पार्किंगमध्ये बसून फोनवर ऐकली. मोदक ताटलीत घालून खाली आणून दिले.

परत जाताना ती एवढंच म्हणाली, "तुम्हा सगळ्यांचे पत्ते मला पाठ आहेत गं, घरं मात्र पाहिलेली नाहीत."

ती इमारत जेमतेम तीन वर्षांची आहे. कुणी मुद्दाम आत्याला बाहेर ठेवलं नव्हतं. वास्तुविशारदानं नकाशा काढताना, महापालिकेनं तो मंजूर करताना, बिल्डरनं जोत्याचं काँक्रीट ओतताना आणि भावानं फ्लॅट पाहताना त्या तीन पायऱ्या कुणालाच दिसल्या नाहीत, एवढंच झालं होतं.

आपल्याकडे नात्याचं माप येण्याजाण्यावर ठरतं. "त्यांच्याशी आमचं येणं-जाणं आहे" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. दोन घरांत बिनसलं तर तेही "येणं-जाणं बंद आहे" असंच सांगतात. हळदीकुंकू, बारसं, गणपती, सांत्वन, सगळं कुणाच्या तरी दारात जाऊनच करायचं असतं. जो माणूस दारापर्यंतच पोचू शकत नाही, त्याचं येणं-जाणं भांडण न होताच बंद होतं. आत्याचं घर तिच्या सोयीनं बांधलेलं आहे: रुंद दारं, सपाट फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे. पण तिच्या घरातून निघून तिनं जायचं कुठे?

हाच प्रश्न १९८७ साली अमेरिकेत अटलांटा शहरातल्या एलिनॉर स्मिथ या बाईंनी विचारला. त्यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्याही व्हीलचेअर वापरत. शहरात गरीब कुटुंबांसाठी एका सेवाभावी संस्थेनं बांधलेली नवी घरं त्यांच्या पाहण्यात आली. घरं चांगली होती, पण प्रत्येकाच्या दाराशी पायऱ्या होत्या. ही सगळीच घरं बिनपायरीची होऊ शकली असती, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून 'काँक्रीट चेंज' ही संस्था उभी राहिली. तोवर विकलांगांसाठी घरं म्हणजे मोठ्या प्रकल्पात राखून ठेवलेली ठराविक खास घरं, अशीच समजूत होती. स्मिथ यांनी ती उलटी केली. खास घरं थोडी मिळाली तरी चालतील, पण प्रत्येक नव्या घरात निदान पाहुणा म्हणून तरी येता आलं पाहिजे, ही त्यांची मागणी होती. इंग्रजीत या कल्पनेला पुढे 'व्हिजिटेबिलिटी' हे नाव पडलं. मराठीत त्याला येण्याजाण्याचं घर म्हणावं.

त्यांनी मागितल्या त्या फक्त तीन गोष्टी. घराला कुठूनतरी एक बिनपायरीचं प्रवेशद्वार हवं. ते पुढूनच हवं असा हट्ट नाही. बाजूनं, मागून किंवा गाडीच्या शेडमधूनही चालेल. मुख्य मजल्यावरच्या आतल्या दारांतून किमान ३२ इंचांची मोकळी वाट मिळायला हवी. आणि त्याच मजल्यावर खुर्ची आत शिरेल असं एक तरी शौचालय हवं. खाली करता येणारे ओटे, बटणावर उघडणारी दारं, खास नळ यांतलं त्यांनी काहीच मागितलं नाही. यादी लांबली की बिल्डर आणि नगरपालिका दोघेही ती बाजूला ठेवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ज्यावाचून माणूस पाहुणाच होऊ शकत नाही, तेवढंच ठेवलं.

तिसऱ्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण ती सहसा बोलली जात नाही. आत्याला कुठे जायचं असलं की ती सकाळपासून चहा घेत नाही. पाणीही घोटभरच पिते. लोकांना वाटतं, बाई खाण्यापिण्याच्या फार कडक आहेत. खरं कारण असं की जिथे जायचं तिथल्या बाथरूममध्ये खुर्ची जाईल याची तिला खात्री नसते. दार उघडतं, पण खुर्ची चौकटीत अडकते. म्हणून ती दोन तासांच्या वर कुठे थांबत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तहान मारण्याचा हा हिशेब तिला करावाच लागतो.

या अडकण्याचं गणित साधं आहे. आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराची चौकट बहुधा अडीच फुटी असते, म्हणजे ३० इंच. चौकटीचं लाकूड दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच धरा, उरले २५. दार काटकोनात उघडलं तरी फळीची जाडी वाटेतच राहते, ती वजा केली की राहिले २४ इंच. साधी व्हीलचेअर २५ ते २७ इंच रुंद असते, आणि चाकं फिरवणाऱ्या हातांची कोपरं वेगळीच. म्हणजे दोन-तीन इंचांवरून माणूस अडतो. ३२ इंच मोकळे मिळवायचे तर चौकट सव्वातीन फुटी लागते. भिंत उभी राहत असताना हे नऊ इंच म्हणजे थोड्या विटा कमी. भिंत उभी राहिल्यावर तेच काम करायचं तर चौकट उखडा, टाइल्स फोडा, कधी वरची लिंटेल बदला आणि महिनाभर घरात सिमेंटची धूळ खा. स्मिथ यांच्या संस्थेच्या अंदाजानुसार, काँक्रीटच्या फरशीवर बसणाऱ्या नव्या घरात या सोयींचा जादा खर्च सुमारे १०० डॉलर यायचा, आणि बांधलेल्या घरात एकच दार रुंद करायला सुमारे ७००. आपले आकडे वेगळे असतील, पण मिस्त्रीशी एकदा बोलून पाहिलं तर त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच निघेल.

दार कुठल्या बाजूला उघडतं हेही पाहायला हवं. आपली बाथरूमं लहान आणि दारं आत उघडणारी. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर त्याच्याच अंगामुळे दार उघडत नाही, आणि बाहेरच्यांना कडी तोडूनही उपयोग होत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकणारं दार लावलं की हा धोका जातो आणि आत खुर्ची वळवायला जागाही मिळते. एका बाबतीत मात्र आपण अमेरिकनांहून सुदैवी आहोत. तिकडच्या भिंती लाकडी सांगाड्यावर पातळ जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात, त्यामुळे दांडा लावायचा तर आत आधीच प्लायवूडची फळी घालून ठेवावी लागते. आपली विटांची भिंत कुठेही ड्रिल करा, दांडा धरून ठेवते. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला तेवढे वेगळे स्क्रू लागतात.

आता पायऱ्यांकडे येऊ. बिनपायरीचं दार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातला लोखंडी कठड्याचा लांबलचक रॅम्प उभा राहतो, आणि घराची शोभा जाईल अशी भीती वाटते. अटलांटातल्या मंडळींनी रॅम्प जवळजवळ टाळलेच. नव्या घरात जमिनीचा उतारच असा साधायचा की रस्त्यापासूनची पायवाट हळूहळू चढत दारापर्यंत यावी. पाहणाऱ्याला ती फक्त वाट दिसते. अटलांटाजवळच्या 'ईस्ट लेक कॉमन्स' या सामायिक वसाहतीत ६७ घरं आहेत, आणि चढउताराच्या जमिनीवर असूनही बिनपायरीच्या वाटा तिथे आधीपासून आखून घेतल्या होत्या. अशा जागी चढच कामाला येतो: घराची वरची बाजू जमिनीला भिडवली की तिकडून पायरी लागतच नाही. कोकणात डोंगरउतारावर बांधलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगावं लागणार नाही. पुढच्या अंगणातून चार पायऱ्या चढून ओटीवर जायचं आणि मागच्या पडवीतून मात्र सरळ परसात पाऊल टाकायचं, अशी कितीतरी घरं तिथे आहेत. मागचं ते दार अडीच फुटांऐवजी सव्वातीन केलं, की येण्याजाण्याचं अर्धं घर झालंच.

उताराचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: एक फूट चढायला निदान १२ फूट लांबी. जागा असेल तर १५ किंवा २० फूट घ्यावेत, म्हणजे माणूस कुणाच्या मदतीशिवाय स्वतः चाकं फिरवून चढू शकतो. भावाच्या इमारतीतल्या तीन पायऱ्या मिळून दीड फुटाच्या आहेत. तिथे १८ फुटांचा उतार हवा होता आणि केला होता पाच फुटांचा. नंतर जागा काढायची कुठून, एका बाजूला गाडी उभी आणि दुसऱ्या बाजूला मीटरची खोली! नकाशा कागदावर होता तेव्हा फाटकापासून लिफ्टपर्यंतची सगळीच फरशी जराशी चढती घेता आली असती, आणि कुणाच्या पायाला ते कळलंही नसतं.

पाण्याचा प्रश्न खरा आहे, तो झटकून चालणार नाही. आपण जोतं उंच घेतो ते हौसेनं नाही. पावसाचं पाणी, चिखल, साप-विंचू, आणि शहरात तुंबलेलं गटार यांपासून घर वाचवायचं असतं. उतार केला म्हणून जोत्याची उंची कमी होत नाही. फक्त तिथवर जायची वाट बदलते. दारापाशी पाणी थोपवायला तीन उपाय एकत्र करतात: वर रुंद छज्जा किंवा पडवी, दाराबाहेरचा छोटा सपाट भाग घरापासून किंचित बाहेर उतरता, आणि दारालगत जाळी बसवलेली चर. ब्रिटनसारख्या भुरभुर पावसाच्या देशात १९९९ पासून नव्या घरांना साधारणपणे चाकाच्या खुर्चीनं आत जाता येईल असं दार करावं लागतं, आणि तिथली घरं कोरडी आहेत. बाथरूमचंही तेच. आपण बादलीनं अंघोळ करतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी दगडी पट्टी उभी करतो आणि आतली फरशी इंचभर खाली घेतो. फरशीचा उतार दारापासून दूर, मागच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे नीट काढला तर पट्टी अर्ध्या इंचावर आणता येते, आणि तिच्या कडा तासल्या की चाक त्यावरून सहज जातं. हे काम कारागिराच्या हातातलं आहे, मात्र त्याला ते आधी सांगावं लागतं.

उंबरठ्याविषयी काहीजण हळवे होतात, आणि ते मला समजतं. उंबरठ्यावर रांगोळी रेखतात, नवी नवरी तिथे माप ओलांडते. पण आजच्या फ्लॅटमध्ये उंबरठा म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटची एक पट्टी असते. ती फरशीच्या पातळीत बसवली तरी रांगोळी निघते आणि हळदकुंकूही वाहता येतं. उंबरठ्याचा मान त्याच्या उंचीवर अवलंबून नसतो.

या साध्या गोष्टी कायद्यात आणायला मात्र बराच झगडा झाला. अटलांटानं १९९२ मध्ये पहिला नियम केला, तोही सरकारी मदत मिळणाऱ्या घरांपुरता. पुढे अ‍ॅरिझोनातल्या पिमा काउंटीनं २००२ मध्ये सर्व नव्या स्वतंत्र घरांना असे नियम लावले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. घर माझं, पैसा माझा, दार किती रुंद ठेवायचं हे सरकारनं का सांगावं, असं मालक आणि बांधकाम व्यावसायिकांचं म्हणणं होतं. २००३ मध्ये अपील न्यायालयानं नियम योग्य ठरवला. मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही; घर ही माणसाची सगळ्यात खाजगी वस्तू आहे. पण घर बांधणाऱ्यापेक्षा घर जास्त जगतं. त्यात आज तरुण जोडपं राहतं, उद्या त्यांचे आईवडील येतात, परवा घर विकलं जातं. अमेरिकी नगररचनाकारांच्या नियतकालिकात २००८ मध्ये आलेल्या एका अभ्यासानं हे मोजूनच पाहिलं. आज बांधलेल्या स्वतंत्र घरात, त्या घराच्या आयुष्यात कधीतरी एक तरी विकलांग माणूस राहायला येण्याची शक्यता ६० टक्के निघाली. त्यात पाहुणे धरले तर ती ९१ टक्क्यांवर गेली. विटेला आणि स्टीलला आपण सुरक्षेचे नियम लावतो, ते पुढच्या राहणाऱ्यांचा विचार करूनच.

इलिनॉयमधल्या बोलिंगब्रूक गावानं २००३ मध्ये सगळ्या नव्या घरांसाठी असा नियम केला, तेव्हा तळघरं आणि बर्फ असलेल्या प्रदेशात हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. तिथे तळघरंही झाली आणि बिनपायरीची दारंही. ब्रिटनच्या नियमात एक छोटं कलम मला फार आवडतं. नव्या घरातले प्लग आणि बटणं जमिनीपासून ४५ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान हवीत, इतकंच ते सांगतं. याला एक पैसाही जादा लागत नाही. इलेक्ट्रिशियननं भिंतीवर खूण जराशी वरखाली करायची. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला दिवा लावता येतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला प्लगसाठी वाकावं लागत नाही.

आपल्याकडे कायदे आहेत. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे अधिकार कायदा आला. प्रवेशयोग्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगीच देऊ नये, असं त्याच्या ४४ व्या कलमात आहे. केंद्राची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये नव्यानं निघाली. दारं, उतार, शौचालयं, लिफ्ट यांची मापं त्यात आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारस म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही असा निकाल दिला आणि सरकारला बंधनकारक नियम ठरवायला सांगितलं. निकाल मोठा आहे. तरी या सगळ्याचा रोख मुख्यतः कचेऱ्या, स्थानकं, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक इमारतींकडे आहे. फ्लॅटच्या आतलं बाथरूमचं दार किती रुंद हे अजून बिल्डरच्या आणि आपल्या मर्जीवर राहिलं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त माणसांची विकलांग म्हणून नोंद झाली. त्यातला प्रत्येकजण कुणाचा तरी काका, मेव्हणी, वर्गमित्र आहे. म्हणजे ज्यांच्या घरी जावं अशी घरं त्याच्या कितीतरी पट.

मला आशा वाटते ती पुनर्विकासामुळे. मुंबई-पुण्यात साठ-सत्तरच्या दशकातल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून नव्याने बांधल्या जात आहेत. सभासद बहुतेक सत्तरीच्या पुढचे. गुडघ्यांमुळे जिना नको झाला, म्हणून तर पुष्कळांनी पुनर्विकासाला होकार दिलेला असतो. आणि तरीही सभांमध्ये चर्चा होते ती वाढीव कार्पेट क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस निधी आणि भाड्याची. बाथरूमच्या दाराची रुंदी कुणी विचारत नाही. विचारायची वेळ नेमकी तीच असते, कारण करारासोबत जोडलेला नकाशा आणि सोयींची यादी एकदा सही झाली की पुढे फक्त टाइल्सचा रंग निवडता येतो. त्या यादीत चार ओळी घालून घ्याव्यात: फाटकापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही, निदान एक लिफ्ट ९० सेंटिमीटर दाराची, प्रत्येक फ्लॅटमध्ये एक बाथरूम सव्वातीन फुटी चौकटीचं आणि बाहेर उघडणारं, बाल्कनी-बाथरूमच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या आत. बिल्डरला यातून चटईक्षेत्र गमवावं लागत नाही, म्हणून तो फारसा भांडतही नाही. मागणारं कुणीतरी असावं लागतं.

यंदा आमच्याच सोसायटीची पाळी आली. तिसऱ्या सभेला मी मोजपट्टी घेऊन गेले आणि जुन्या बाथरूमच्या चौकटीचं माप सगळ्यांसमोर घेतलं. आधी कुजबुज झाली. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. गेल्या वर्षी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा वॉकर बाथरूममध्ये जात नव्हता, म्हणून तीन महिने काय काय करावं लागलं ते त्यांनी सांगितलं. ते इतकी वर्षं शेजारी राहतात, पण मला हे माहीत नव्हतं. वास्तुविशारद तरुण मुलगी आहे. तिनं नकाशावर पेन्सिलीनं दाराची खूण सरकवली, जेवणाच्या जागेतले नऊ इंच घेतले आणि दार बाहेर उघडणारं दाखवलं. लिफ्टच्या आधीच्या पायऱ्यांवर मात्र अजून वाद चालू आहे. रस्त्यावर पाणी तुंबतं, त्यामुळे लॉबी उंच हवी हे तिचं म्हणणं बरोबर आहे. फाटकापासून फरशी चढती घ्यायची तर दोन गाड्यांच्या जागा सरकवाव्या लागतील. पुढच्या रविवारी त्यावर सभा आहे. नकाशा अजून महापालिकेत गेलेला नाही.

आत्याला रात्री फोन करून हे सगळं सांगितलं. फ्लॅट केवढा, कितव्या मजल्यावर, काहीच तिनं विचारलं नाही. बाथरूमच्या दाराचं माप दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाली, "मग तुझ्याकडे यायच्या दिवशी सकाळी चहा घेते मी."